सहा मासे आणि मागली खोली

बसवनगुडी
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

चि. वादिराजास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र फत्तेसिंगाच्या हाती देते आहे. तुमच्या शाळेची गाडी भाजी न्यायला रोज गांधीबजारात येते हे फार बरे झाले. फोनवर तुझे बोलणे मला कढईत मोहरी तडतडावी तसे ऐकू येते, अर्थ काही लागत नाही.

तू काल देवनहळ्ळीस गेलास तेव्हापासून मासे काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत आहेत. सकाळी तू दाखवलेस तेवढेच दाणे टाकले, चिमूटभर. तरी तोंडे उघडीच. उपाशी राहिले की काय म्हणून शेजारच्या कस्तुरीला बोलावून आणले. ती म्हणाली, माशांची तोंडे तशीच असतात. पाठीवर पांढरा ठिपका असलेली थोरली शेंदरी मी बोलू लागले की वर येते. तिच्याशी मी कानडीत बोलते. भार्गवीने हुबळीहून आणलेली, तिला मराठी कुठून येणार?

एक विचारायचे राहिले. पुढल्या मंगळवारी एकादशी आहे. त्या दिवशी त्यांना दाणे घालायचे का?

श्रीहरीचा कॅनडाहून निरोप होता. मी राहत होते त्या येलहंक्याच्या घरात भाडेकरू राहायला आले. तिथून जवळच एका वृद्धाश्रमात त्याने माझे नाव घालून ठेवले आहे, पण मामा मागली खोली देत असेल तर काढून टाकतो म्हणाला. मुलगा वाईट नाही. आईला कुठेतरी ठेवायला तर हवे. मी मात्र देवाला एवढेच सांगते की शेवटपर्यंत आपल्या माणसांत असू दे.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती आठवत जा.

तुझी,
अक्का

---

देवनहळ्ळी
बुधवार, १३ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप अक्कास वादिराजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मत्स्यकुळात भगवंताने स्वतः पहिला अवतार घेतला असल्यामुळे माशांना एकादशीतून सूट आहे. कोणत्या ग्रंथात लिहिले आहे असे विचारू नकोस, मी सांगतो म्हणजे आहे. पाठशाळेत असताना मी तुला सांगितले होते की चातुर्मासात जांभई दिल्यास व्रत मोडते, आणि तू महिनाभर तोंडावर पदर धरून वावरलीस. तुझ्यासारखी श्रोती मिळाली म्हणूनच मी पंडित झालो.

आता गंभीर भाग. आठवड्यातून एकदा टाकीतले चौथा हिस्सा पाणी काढायचे, त्याहून अधिक नाही. नळाचे पाणी थेट कधीही घालायचे नाही. कावेरी आपल्याला पावन खरी, पण नळातून येताना ती औषध घेऊन येते, आणि त्या औषधाने माशांचे कल्ले जळतात. बादलीत दोन दिवस उघडे राहिलेले पाणीच घाल. दाणे चिमूटभर. ती तोंडे उघडी ठेवणे हा त्यांचा धंदा आहे, आपल्या नातेवाइकांसारखा.

तुझ्या भावजयीची, भार्गवीची, अट तुझ्या कानावर घालतो. ती म्हणते, दसऱ्यापर्यंत अक्कांनी मासे नीट सांभाळले तर मागली खोली त्यांची. आम्ही दोघे आठवडाभर बाहेर, आणि सहा मासे ज्या बाईला सांभाळवत नाहीत तिच्या हाती गॅसची शेगडी कशी द्यावी, असे तिचे म्हणणे. हुबळीच्या बँकेतली बाई आहे, तारण मागणारच.

माझे म्हणशील तर येथे चार दिवस शंभर पोरे मला घेरून असतात. शुक्रवारी कुलूप काढून रिकाम्या घरात शिरताना जे सुख होते त्याला उपमा नाही. मासे बोलत नाहीत, जेवलास का विचारत नाहीत. तू आल्यापासून ते सुख गेले असे मी म्हणणार नाही. लोक काय म्हणतील?

कृपादृष्टी आहे तशीच ठेव.

तुझा,
वादिराज

---

बसवनगुडी
मंगळवार, २ सप्टेंबर २०२५

चि. वादिराजास अक्काचे आशीर्वाद.

भार्गवी बँकेच्या ट्रेनिंगला म्हणून काल आली, उद्या परत जाईल. आल्या आल्या टाकीपुढे बसली. म्हणाली, माझ्या हाताखाली हे कधी असे चकाकले नाहीत. मला हसू आले, लाजही वाटली.

मी तिला म्हटले, घाई करू नकोस, अट पुरी व्हायला दसरा लांब आहे. ती म्हणाली, कसली अट? मी सांगितले तशी हसत सुटली, आणि मग एकदम हसायची थांबली. असली अट आपण कधीच घातली नाही, अक्कांनी इथेच राहायचे हे आपण यांना आखाडातच सांगितले होते, असे म्हणाली. तुझी खोड काही जात नाही. मला सावध ठेवायला बिचारीचे नाव पुढे केलेस ना?

लगेच पदर खोचून तिने तुझी पुस्तके मागल्या खोलीतून पुढे आणवली. तुझे टेबलही स्वल्प सरकवले, खिडकीत माझे देव बसतील म्हणून. तू शुक्रवारी आलास की बघ, खोली ओळखू येणार नाही. श्रीहरीलाही कळवून टाकले की आश्रमातले नाव काढ. वादिराजा, या वयात स्वतःची खोली मिळेल असे मला वाटले नव्हते.

थोरली शेंदरी आता माझ्या बोटाला लागून दाणा घेते.

येताना अंगावर शाल घे, पहाटे तिकडे गार असेल. ओढ आहे म्हणून लिहिते.

तुझी,
अक्का

---

देवनहळ्ळी
गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप अक्कास वादिराजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचले. भार्गवी म्हणते तसेच होऊ दे. पुस्तकेही एका खोलीत राहून कंटाळली असतील.

या शुक्रवारी माझे येणे होत नाही. शाळेत पाठांतराच्या स्पर्धा आहेत. म्हणून ग्रहणाचे इथूनच लिहितो.

रविवारी चंद्रग्रहण आहे. वेध, स्नान, दान हे तुला मी सांगायला नको. ग्रहण सुटल्यावर घरात भरलेले पाणी तू ओतून देतेस, त्यात जन्मात कधी चुकली नाहीस. पण काचेच्या टाकीतले पाणीही भरलेलेच पाणी, याचा विचार केलास का? टाकी देवघराच्या अगदी समोर. ग्रहणातले पाणी तिथे तसेच ठेवून पितृपक्ष सुरू करणे मला प्रशस्त वाटत नाही. दर्भाची काडी घालून चालेल का म्हणशील, तर दर्भ लोणच्याला आणि तुपाला. ज्या पाण्यात जीव आहेत त्याला तो पुरत नाही. बादलीत राखून ठेवलेले पाणीही ग्रहणात सापडलेलेच, तेही ओतून दे.

सोमवारी सकाळी नळ आला की टाकी पूर्ण उपसून ताजे पाणी भर. चौथा हिस्सा हा रोजचा नियम, ग्रहणाचा नव्हे. माशांनाही मोक्षस्नान घडेल, तेवढे पुण्य पदरात पाडून घे.

बाकी क्षेम. लोभ ठेवतेसच, आणखी काय मागू?

तुझा,
वादिराज

---

बसवनगुडी
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

चि. वादिराजास अक्काचे आशीर्वाद.

अक्षर वाकडे आले आहे, लावून घे.

तू लिहिलेस तसे सगळे केले. आंघोळ करून ओल्या लुगड्यानेच टाकी उपसली. मासे स्टीलच्या तपेल्यात काढले. पाच जणांना जाळीने धरावे लागले, थोरली आपणहून हातात आली. नळाचे पाणी भरले तेव्हा टाकी इतकी नितळ दिसत होती की मागची भिंत आरशासारखी वाटली. मला बरे वाटले.

पूजा आटपून आले तर सगळे वर, हवेच्या नळीपाशी गोळा झाले होते. तोंडे वासून. मला वाटले नेहमीचेच, म्हणून दाणे टाकले. कोणी खाल्ले नाहीत. मग बारके दोन तिरके पोहू लागले, काचेवर आपटू लागले. मी कस्तुरीला हाक मारली. तिने विचारले, बादलीतले पाणी कुठे आहे, त्यात सोडू. ते मी पहाटेच ओतून दिले होते.

दुपारपर्यंत सगळे गेले. थोरली शेवटी. कल्ले लालभडक झाले होते तिचे. मी बोलले तेव्हा तिने एकदा शेपूट हलवले. आवारातल्या नारळाच्या आळ्यात पुरले सगळ्यांना. पुन्हा आंघोळ केली. लागते की नाही ते तू सांग.

माझे काय चुकले ते कळत नाही. एखादी गोष्ट उलटी तर केली नाही ना? तुझे पत्र तीनदा वाचले. भार्गवीला अजून सांगितलेले नाही. तिने जीव लावून आणलेले. कसे सांगावे तेवढे लिही.

तुझी,
अक्का

---

देवनहळ्ळी
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप अक्कास वादिराजाचा नमस्कार.

पत्र काल संध्याकाळीच मिळाले, वाचून थक्क झालो. माशांना मोक्षस्नान, हे वाचून माझ्या वर्गातली सर्वात मठ्ठ पोरेही हसली असती. मी थट्टा केली, अक्का. जन्मभर करत आलो. नळाचे पाणी घालू नकोस हे मी ऑगस्टातच स्पष्ट लिहिले होते. दोन पत्रांतले खरे कोणते आणि थट्टेचे कोणते हे ज्याला कळेनासे होते, त्याच्याबद्दल घरच्यांनी काळजी करावी की नाही?

मी रागावलेलो नाही. मासे पुन्हा मिळतील. पण माशांच्या जागी उद्या शेगडी असेल, आणि घरात आठवडाभर दुसरे कोणी नसते. म्हणून भार्गवीला आणि श्रीहरीला मी काल रात्रीच कळवले. श्रीहरीला वाईट वाटले, पण पटले. आश्रमातली जागा अजून कोणाला दिलेली नाही, हे आपले भाग्य. पितृपक्षात घर बदलू नये हे मी जाणतो, तेव्हा तो संपला की जाणे करू. पाहा, तुझे शास्त्र मी पाळतोच.

पुन्हा आंघोळ करण्याची गरज नव्हती. माशांचे सुतक नसते. हे मात्र थट्टेने लिहिलेले नाही.

आशीर्वाद असू दे, नेहमीसारखा.

तुझा,
वादिराज

---

बसवनगुडी
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

चि. वादिराजास. आशीर्वाद आहेत, दिलेले परत घेता येत नाहीत.

भार्गवी काल सकाळच्या गाडीने आली. रिकाम्या टाकीपुढे बसून रडली, मग उठून मला जवळ घेतले. असे कसे केलेत म्हणून विचारले. मी म्हणाले, माझ्याच डोक्यात आले. तुझे पत्र दाखवले नाही. संध्याकाळी तिने डॉक्टरकडे नेले. तो वार विचारत होता, महिना विचारत होता. मी बरोबर सांगितले.

तरीही तिने मला थांबा म्हटले. मासे गेले तर गेले, दिवसभराला बाई ठेवू, शेगडी विजेची घेऊ, पण अक्कांनी जायचे नाही, असे म्हणाली. मी नको म्हणाले.

कारण तुला सांगते, तिला नाही. तू थट्टा करतोस तेव्हा मला नेहमी कळते, वादिराजा. जांभईचेही कळले होते. तू पाठशाळेतून आलास की घरात तेवढेच हसणे असायचे, म्हणून मी पदर धरून बसायची. ग्रहणाच्या पत्रात थट्टा नव्हती. माझी प्रत्येक शंका तू आधीच काढून तिला आधीच उत्तर दिले होतेस. इतक्या काळजीने तू मला कधी लिहिले नव्हतेस. म्हणून मी मानले.

मी राहिले तर तुला तसलेच आणखी एक पत्र लिहावे लागेल. पुढल्या वेळी टाकीत काय असेल कोण जाणे. तू सरळ जा म्हणाला असतास तर मी गेले असते. सहा जीव वाचले असते.

पुस्तके मी आणि कस्तुरीने पुन्हा मागल्या खोलीत लावली आहेत. क्रम चुकला असेल तर सरी, असू दे, तू बदलून घे.

वसुमती

---

बसवनगुडी
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप अक्कास वादिराजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

दसऱ्याची सुट्टी असल्याने घरी आहे. तुझा आश्रम हवेशीर आहे असे श्रीहरीने फोटो पाहून कळवले. खिडकीजवळची खाट मिळाली नसेल तर मागून घे, लाजू नकोस. सायंकाळी तिथे भजन असते म्हणे. तू उच्चारांत चुका काढू नकोस, नव्या जागी शत्रू करून घेऊ नयेत.

भार्गवी हुबळीहून हल्ली कमी येते. कामे वाढली आहेत असे सांगते. आल्यावरही फारसे बोलत नाही, त्यामुळे माझे वाचन पुष्कळ होते. तू माझ्यावर रागावली आहेस असे तुझ्या पत्रावरून वाटले. तुझी कल्पनाशक्ती मला ठाऊक आहे, मी मनावर घेतले नाही.

टाकीत नवे मासे आणले. आता दाणे टाकायला एक यंत्र मिळते, ते ठरल्या वेळी आपोआप टाकते. मी नसलो तरी काही अडत नाही. हे आधी सुचले असते तर तुझे कष्ट वाचले असते. मासे छान आहेत. फक्त माणूस जवळ गेले की तळाशी जातात.

आश्रमातून चिठ्ठी आली की तुला भेटायला कोणी येत नाही, तर रविवारी चार ते पाच या वेळात यावे. रविवारी मी टाकीचे पाणी बदलतो, आणि ते काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. तेव्हा एवढ्यात येणे होईलसे दिसत नाही.

प्रकृतीस जप. माझ्यावरचा लोभ कमी झाला असल्यास कळवू नकोस.

तुझा,
वादिराज