तेलाच्या थेंबावाचून

काळाचौकी,
९ मे १९८२

ती. शेवंताआत्यास,
कमलचा शि. सा. न. वि. वि.

बाबा सुखरूप पोहोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. संपाला चार महिने होत आले. गॅलरीत बसून बाबा दिवसभर गिरणीच्या बंद फाटकाकडे बघत राहायचे, म्हणून आईनेच त्यांना तुझ्याकडे धाडलं.

आता महत्त्वाचं. मी परळच्या इस्पितळात रक्त तपासायला शिकते, हे तुला ठाऊक आहेच. निघण्याआधी बाबांचं रक्त मी तपासलं. त्यात कोलेस्टेरॉल, म्हणजे एक तऱ्हेची चरबी, जास्त निघाली. ती हृदयाच्या नळ्यांत साचते. आजोबा छातीत कळ येऊन गेले, ते आठव. तेव्हा तेल, तूप, खोबरं, अंडं, बांगडा यातलं काहीही बाबांना देऊ नकोस. थेंबभरसुद्धा नको. तुझा हात सढळ, म्हणून बजावून लिहिते. रागावलीस तर गणपतीत येऊन समजूत काढीन.

माया आहेच, ती कमी करू नकोस.
तुझी,
कमल


मिठबाव,
२१ नोव्हेंबर १९८२

चि. कमल हिस शेवंताचे अनेक आशीर्वाद.

गणपतीत तू आली नाहीस, तेव्हा माझी समजूत काढायची राहिलीच. तुझा बाबा आनंदा बरा आहे, असं तो म्हणतो. पावसात त्याला आव झाली, पंधरा दिवस अंथरुणावर होता. त्यानंतर अंग काही भरलं नाही. तू लिहिलंस म्हणून माठाचा नि मुळ्याचा पाला तेलावाचून नुसत्या पाण्यात उकडून देते. खोबऱ्यावाचून आमटी करायला माझं मन घेत नाही, तरी करते. परवा ताजे बांगडे मिळाले. एक तुकडा पानात वाढला, तर त्याने बाजूला सारला नि म्हणाला, कमलने नको म्हटलंय.

कातडी कोरडी पडलीय, टाचांना भेगा गेल्यात. दिवेलागण झाली की पडवीतून हलत नाही. गिरणीची आठवण येत असेल, म्हणून मी खोदून विचारत नाही. गो बाय, एकदा तुमच्या डॉक्टरांना विचार, थोडं तेल चालेल का म्हणून.

आईस आशीर्वाद. पत्राची वाट बघते.
तुझी आत्या


मिठबाव,
१२ फेब्रुवारी १९८३

चि. कमल हिस आशीर्वाद.

घाबरू नकोस, जिवाला धोका नाही. मंगळवारी संध्याकाळी गाय बांधून परतताना आनंदा बांधावरून खाली गेला. मांडीचं हाड मोडलं. अजून उजेड होता. मला वाट दिसत होती, त्याला दिसली नाही. कणकवलीच्या डॉक्टरांपुढे त्याने कबूल केलं, दिवाळीपासून तिन्हीसांजेला डोळ्यांपुढे काळोख येतो. डॉक्टर म्हणाले, रातांधळेपणा. मग खाण्यापिण्याचं विचारलं. आम्ही चरबी अजिबात बंद केलीय म्हटल्यावर, हे कोणी सांगितलं, असं विचारलं.

मी तुझं नाव घेतलं नाही.
आत्या


काळाचौकी,
२ मार्च १९८३

ती. आत्यास,
कमलचा नमस्कार. काय तोंडाने लिहू, कळत नाही.

तुझं नोव्हेंबरचं पत्र मी वाचलं होतं. विचारलं तर एवढंही येत नाही म्हणून हसतील, या लाजेने विचारलं नाही. काल आमच्या डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला शेजारी बसवून सांगितलं, ते तुला कळवते.

चरबी एका जातीची नसते. आपण तेल-तूप म्हणतो ती अंगात साठते, उपाशी दिवसांत कामी येते, ऊब देते, मूत्रपिंडाभोवती गादीसारखी राहते. दुसऱ्या जातीच्या चरबीने शरीरातल्या प्रत्येक पेशीची भिंत बनते. आणि ज्याला मी वैरी ठरवलं ते कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतःच तयार करतं. त्यातूनच पित्त बनतं. कोलेस्टेरॉल जास्त झालं तर जपायचं, पण अन्नातली सगळी चरबी तोडायची नाही. डोळ्यांना लागणारं जीवनसत्त्व तेलातच विरघळतं. तू पालेभाजी वाढत होतीस, बाबा खात होते, पण तेलावाचून त्यातलं फारच थोडं अंगी लागत होतं. त्यात आव झालेली, तिने होतं तेही गेलं.

डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेव. भाजीला चमचाभर तेल घाल. बांगडा दे, त्याचं तेल चांगलं असतं, असं बाई म्हणाल्या. मी मात्र हे शिकणं सोडायचं ठरवलंय. मला पुन्हा कोणाला काही सांगायची छाती होणार नाही.

पूर्वीसारखा लोभ ठेव, असं लिहायलाही भीती वाटते.
कमल


मिठबाव,
१८ सप्टेंबर १९८३

चि. कमल हिस बाबांचे आशीर्वाद.

डोळे कधीचे सुधारले. हे पत्र दिवेलागणीला पडवीत बसून लिहितोय. पाय मात्र दोन बोटं आखूड राहिला. शिमग्याला आलीस तेव्हा तू माझ्या पायाकडे बघितलं नाहीस, तोंडाकडेही नाही. म्हणून लिहितो.

दिसत नाही हे मला दिवाळीतच कळलं होतं. शेवंताला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी तेल घातलं असतं. पण आपल्या घरात पुस्तक वाचून काही सांगणारी तू पहिली. तुझं पहिलंच सांगणं माझ्या अंगावर चुकीचं ठरावं, हे मला नको होतं. तुझी चूक चार ओळींची होती. ती मी गप्प राहून एवढी मोठी केली. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. आता दोघांनी हळहळून पाय लांब होणार नाही.

शिकणं सोडू नकोस. हे मी विनवून लिहितोय.

गिरणीने जुन्या माणसांना परत बोलावल्याचं आमच्या खात्याच्या मुकादमाचं, रघुवीरचं पत्र आलंय. कापड विणायचे माझे दोन साचे त्याने अडवून ठेवलेत, आनंदा येतोय म्हणून सांगत असतो. आठ तास उभं राहणं मला आता जमायचं नाही. मी त्याला तसं लिहायला बसलो, पण पत्र पुरं झालं नाही. तू त्याच्या खोलीवर जा नि सांग, त्या साच्यांवर दुसऱ्या कोणाला तरी उभं कर.

तुझे बाबा