कुसुमचं विरजण

११ एप्रिल १९८८, सिल्वासा

कुसुम जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. दही मात्र अजून तिचंच. तिने लावलेल्या दह्यातला चमचा बाजूला काढायचा, नवं दूध विरजायचं. एक दिवस खंड नाही. ती गेली तेव्हा लोकांनी घरातलं सगळं शिजलेलं, दूधदुभतं ओतून टाकलं. ही वाटी मी लपवली. सुतकातसुद्धा. वेड लागलंय म्हणा.

जमनी मसाटहून घरच्या गाईचं दूध आणते. आज निवत ठेवलं, बोट बुडवलं, आणि मागून अगदी स्पष्ट : "अहो, कढत आहे अजून. मरेल ना ते!" वळलो नाही. वळलं की जाते.

१९ एप्रिल

शेजारच्या हंसाबेन वाटी घेऊन आल्या. त्यांचं विरजण बिघडलं म्हणे. "दिवेलागणीला विरजण देऊ नये," म्हणालो. साडेपाच वाजलेले, बाहेर लख्ख ऊन! रिकामी वाटी घेऊन परत गेल्या. कुसुमने एका हाकेला दिलं असतं. माझा हातच पुढे होईना. तिचं आहे ते. वाटत सुटू का?

२ मे

उद्या वर्षश्राद्धाला चिपळूण. आठ-नऊ दिवस. रोज दूध कोण घालणार? सोबत न्यावं तर एवढ्या उन्हात बसमध्ये फसफसेल. आईची जुनी युक्ती केली : रुमाल घट्ट दह्यात बुडवून सावलीत वाळवायचा. परतल्यावर कोमट दुधात टाकला की दही लागतं. कुसुमचाच रुमाल घेतला. स्वयंपाकघरात दोरीवर टांगलाय.

किल्ली हंसाबेनकडे, तुळशीला पाणी घालायला. रुमालाचं बोललो नाही. काय सांगणार? हसतील.

१२ मे

दु. पोचलो. घर झाडून-पुसून लख्ख. टेबलावर रुमाल, घडी केलेला. पांढराशुभ्र. निळीचा वास.

"भाऊ, खट्टी वास येत होती ने, मी धुऊन टाकला. सारो साबू लगाव्यो."

काय ओरडलो ते लिहवत नाही. रडायलाच लागल्या बिचाऱ्या. "भाभी असत्या तर मला रिकामी वाटी घेऊन परत नसतं पाठवलं."

खरं आहे. त्या दिवशी चमचाभर दिलं असतं तर आज त्यांच्याकडे तरी जिवंत असतं. साबणाने नाही, मी मारलं.

१३ मे

तरी रुमाल दुधात टाकून पाहिला. मूर्खपणा. दूध फाटलं. मागून कोणी रागावलं नाही. दिवसभर घरात कोणी बोललंच नाही. भीती वाटली. ती बोलायची तेव्हा कधी वाटली नव्हती.

१५ मे

स. हंसाबेन दारात. मला वाटलं किल्ली द्यायला. तर म्हणतात, "दादरावाल्या शिंदेताई! भाभींनी त्यांना मेळवण, हेच विरजण, दिलं होतं, माझ्यासमोर." शिंदेताई धुळ्याकडच्या, पूर्वी आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मला कसं सुचलं नाही...

दुपारची बस धरून दादरा.

"वहिनींचंच शे हे, भाऊ. रोज लावते. फक्त पावसाळ्यात एकदा बिघडलं, तेव्हा डेअरीचं थोडं मिसळलं."

"थोडं म्हणजे किती?"

"चमचाभर. नाहीतर दोन. आता काय आठवतंय!"

डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून आलो. संध्याकाळी जमनीच्या दुधात विरजलं.

१६ मे

लागलं. सुरीने कापावं असं.

पहिली वाटी हंसाबेनना. माफी मागायची होती, जमलं नाही, नुसती वाटी पुढे केली. त्यांनी बोटाने चाखलं, डोळे मिटले. "आ तो भाभीचंच." खरं बोलल्या की माझ्यासाठी, देव जाणे.

मग घरी येऊन मी एक चमचा घेतला. गोडसर, किंचित आंबट. चांगलं आहे. पण हे तिचं का, ते ठरवायचं तर तिचं कसं होतं ते आठवायला हवं ना. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत रोज खात होतो. आठवेना. काही केल्या आठवेना. दुसरा चमचा घेतला. जिभेवर घोळवत उभा राहिलो. तिसरा घेतला नाही, उद्याच्या विरजणाला उरायला हवं...