जड आणि हलकं

१६ डिसेंबर २००६, शनिवार
आज पुन्हा तेच. मी चढाच्या निम्म्यावर रुतलो आणि नीलू वाकड्या फरच्या झाडापर्यंत जाऊन, वळून, हात करत खाली आली. ही माझी बायको. गेल्या वर्षी बर्फावर चालवायची ही जुनी स्नोमोबील घेतली ती मी, माझ्यासाठी. बेलव्ह्यूच्या ऑफिसातल्या स्क्रीनपासून शनिवारी तरी सुटका म्हणून. ती नुसती चहाचा थर्मास घेऊन सोबत यायची. एकदा म्हणाली, "मी बघू चालवून?" मीच म्हटलं, बघ.

डोंगरातल्या पासच्या, म्हणजे घाटाच्या, पलीकडे ज्याच्या शेडपाशी आम्ही गाडी उतरवतो तो डेल, म्हातारा मेकॅनिक. तिला म्हणाला, "यू आर अ नॅचरल." मला म्हणाला, "यू आर अ बिग फेला, दॅट्स ऑल."

दॅट्स ऑल. मी ९८ किलो, ती ५४.

२३ डिसें., शनि.
डेलकडून क्लच समजून घेतला. मेकॅनिकलची डिग्री घेऊन आठ वर्षं कोड लिहितोय, लाज वाटली विचारायला. क्लचमध्ये तीन छोटी वजनं असतात, ग्रॅमातली. इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर फेकली जातात आणि पट्टा वर सरकून वेग चढतो. या इंजिनाची खरी ताकद ७,९०० आरपीएमच्या आसपास. मी बसलो की चढावर काटा ७,४००ला येतो, गाडी गुदमरते. म्हणून जड माणसाला क्लचमध्ये हलकी वजनं लागतात आणि हलक्या माणसाला जड. आधीचा मालक काडीपहिलवान. म्हणजे गाडी पहिल्यापासून नीलूच्या मापाची होती!

केवढं बरं वाटलं. दोष माझ्यात नाही, ग्रॅमात आहे. परतीच्या ड्राइव्हमध्ये पूर्ण वेळ तिला समजावत होतो. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्यासाठी बदललं की मला नाही जमणार?" म्हटलं, आलटूनपालटून. एक शनिवार तुझा, एक माझा.

६ जाने. २००७
माझ्या हलक्या वजनांचा संच आला. दर रविवारी वजनं काढायची, पुसायची, डब्यात ठेवायची, आणि ज्याची पाळी त्याची शुक्रवारी घालायची, असं ठरलं. मसाल्याचे दोन रिकामे डबे घेतले. लेबलं नीलूने लावली. पुण्यात कॉलेजात फिजिक्स शिकवायची, प्रयोगशाळेची सवय गेलेली नाही. एकावर 'जड', एकावर 'हलकं'.

विचारलं, जड म्हणजे वजनं जड की माणूस जड?

हसत सुटली. "माणूस रे. जड तू."

तर माझी हलकी वजनं 'जड' डब्यात. मला काही हसू आलं नाही.

१३ जाने., शनि.
माझी पाळी. काटा ७,८५०! फरपर्यंत गेलो. पहिल्यांदा. शेडमध्ये प्लायवूडची फळी आहे, तिच्यावर डेल प्रत्येकाची सर्वांत वरची मजल खडूने लिहितो. फरच्या रेघेवर नीलूच्या शेजारी माझं नाव. नीलूने टाळ्या वाजवल्या. येताना दोन बर्गर खाल्ले.

२० जाने., शनि.
तिची पाळी, तिची वजनं. फर मागे टाकून थेट काळ्या खडकापर्यंत.

फळीवर तिचं नाव वर सरकलं. माझं तिथेच. आता बहाणाही उरला नाही. दोघांना आपापल्या मापाचा क्लच, एकच गाडी, एकच चढ, आणि तरी ती वर. ती उभी राहून, गुडघे सैल सोडून, बाजूला झुकून चालवते. कोणी शिकवलं नाही. मी हँडल असा आवळून धरतो की दुसऱ्या दिवशी चमचा धरवत नाही.

शेडमध्ये एक अनोळखी माणूस हात पुढे करून म्हणाला, "यू आर नीलूज हजबंड, राइट?"

व्हिसाच्या कागदावर ती माझी डिपेंडंट आहे.

२८ जाने., रवि.
इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू. जोशीकाकू नीलूला सोडेनात. बर्फात भीती नाही वाटत? थंडी नाही वाजत? मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही काय करता हो तिथे?"

"थर्मास धरतो," म्हटलं. सगळे हसले. नीलू सगळ्यांत जास्त.

जळतो मी. लिहूनच टाकतो. दुसऱ्या कोणावर जळलो असतो तर घरी येऊन नीलूलाच सांगितलं असतं, तिने चहा टाकला असता, समजूत काढली असती. आता सांगू कोणाला?

मला कळतं, कळत नाही असं नाही. एच-फोर व्हिसावर चार वर्षं घरात आहे ती. नोकरी करायची परवानगी नाही. पहिल्या वर्षी लायब्ररीतून फिजिक्सची पुस्तकं आणायची, मग तेही बंद झालं. डेलच्या शेडपाशी पहिल्यांदा लोक तिला तिच्या नावाने हाक मारतात. तिच्याकडे एवढी एक गोष्ट आहे. आणि मला तीच हवी आहे.

११ फेब्रु., रवि.
काल माझी पाळी. फरच्या खाली दोनदा रुतलो. दुसऱ्यांदा बाहेर काढायला नीलूच आली. फावडं मारता मारता सांगत होती, "गॅस एकदम सोडू नकोस, काट्याकडे बघू नकोस, आवाज ऐक." बरोबरच सांगत होती.

घरी येताना पाठ दुखते म्हटलं.

१८ फेब्रु., रवि.
काल पाऊस. कोणीच गेलं नाही. पुढच्या शनिवारी डेलचा चढाचा दिवस, वर्षातून एकदा. सगळे जमतात, एकेक जण वर जातो, कड्यापर्यंत कोण पोचतं ते बघतात. एका गाडीवर एकच जण. पाळी माझी.

नीलू म्हणाली, "हा शनिवार मला देशील? तुला जायचं असेल तर राहू दे."

दिला. हसून दिला.

२३ फेब्रु., शुक्र.
संध्याकाळी गॅरेजमध्ये अर्धा तास. तिची वजनं घालायची होती. दोन्ही डबे समोर.

हात 'जड' डब्याकडे गेला. मला नीट माहीत होतं त्यात काय आहे. माझीच आहेत. तीच घातली. झाकण लावलं.

वरून नीलूने विचारलं, "झालं?"

झालं म्हटलं. एकदा तिलाही कळू दे निम्म्यावर अडकतात म्हणजे काय होतं. यापेक्षा जास्त काही मनात नव्हतं. खरंच नव्हतं.

२४ फेब्रु., शनि.
इंजिन किंचाळायला लागलं. खालून ऐकू येत होतं. वजनं तिला फारच हलकी पडून ८,५००च्या वर गेलं असणार, ताकद संपलेली, नुसता आवाज. गाडी पुढे ओढेना. फरच्या वर, सगळ्यांत उभ्या जागी थांबली. नीलूने वळवायचा प्रयत्न केला, गाडी तिच्या अंगावरून कलंडली.

डावं मनगट मोडलंय. बाकी ठीक. किती वेळ पळत होतो आठवत नाही.

डेलने शेडमध्ये क्लच उघडला. वजनं हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. "दीज आर युवर्स."

मी तोंड उघडायच्या आत नीलूच म्हणाली, "लेबल! जड लिहिलंय ना, तुला वाटलं जड वजनं. त्या दिवशी तू विचारलं होतंस, मीच थट्टेवारी नेलं."

मी मान डोलावली.

२७ फेब्रु., मंगळ.
फोनवर तिच्या आईला सांगत होती. "नाही गं, त्याची काही चूक नाही. मीच वेंधळी." मी बाजूला बसून तिच्यासाठी संत्रं सोलत होतो.

४ मार्च, रवि.
नीलू म्हणते, गाडी विकू. "हौस फिटली." डेलला फळीवरचं नावही पुसायला सांगितलंय. ऐकून पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे कबूल करणार नाही.

दिवसभर ती खिडकीशी बसते. पुस्तकं बंद झाल्यावर बसायची तशी.

१० मार्च, शनि.
गाडी बघायला माणूस उद्या दहाला येणार.

सकाळी उपमा केला. ती खुर्चीवर बसून सूचना देत होती, पाणी कमी, मीठ बघ. ताट समोर ठेवलं आणि सांगितलं. लेबलाचा घोळ नव्हता. मला माहीत होतं. मुद्दाम घातली.

तिने चमच्याने उपम्यातले मटार बाजूला केले.

"कधी ठरवलंस? डबा उघडायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"आणि दवाखान्यात मी सॉरी म्हणत होते तुला."

"हो."

"मी पडले म्हणून वाईट वाटलं, की डेलला कळेल म्हणून?"

मी तिचा ग्लास पाण्याने भरायला लागलो. तिला तेवढं पुरलं. उठून खाली गॅरेजमध्ये गेली. तासाभराने गेलो तर एका हाताने क्लचचं झाकण काढून बसली होती. स्क्रू दातात. मला बघून स्क्रू तळहातावर घेतला.

"त्या माणसाला फोन कर. येऊ नको म्हणावं. गाडी मी ठेवणार आहे."

"बरं."

"तुझं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही."

फोन केला. तो माणूस ओके म्हणाला. मी जिन्याच्या पायरीवर बसून हे लिहितोय. खाली ती अजून काम करतेय.