खोली नऊमधल्या बाईला काय म्हणावे

मी, एडना क्लफ, वय वर्षे ब्याऐंशी, व्यवसाय नटी, हल्ली मुक्काम स्कारबरो येथील निवृत्त नटांचे घर, खोली क्रमांक सात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. कुणाच्या दबावाखाली मी हे लिहीत नाही. रागाने लिहीत आहे, आणि रागाने लिहिलेले कायद्याला चालते, असे वकील पेनफोल्ड यांनी मला दोनदा सांगितले आहे. गेल्या मार्चमध्ये केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते.

कलम एक. लीड्सचे माझे घर, आतल्या सामानासह, माझी भाची ग्वेन्डा हिला मिळावे. मुलगी चांगली आहे. पण गेली वीस वर्षे ती प्रत्येक नाताळला मला म्हणते, "मावशी, सोडून दे ना आता. किती दिवस तेच उगाळत बसणार?" हे वाक्य तिने माझ्या दफनाच्या वेळी उच्चारू नये, एवढीच अट.

कलम दोन. कपाटातला माझ्या नवऱ्याचा तपकिरी ओव्हरकोट कुणालाही दान देऊ नये. जाळावा.

याचे कारण लिहून ठेवते. नटांच्या संघटनेचा नियम आहे की एका नावाच्या दोन व्यक्ती सभासद असू शकत नाहीत. वर्गणी थकली की तुमचे नाव मोकळे होते, आणि जो पहिला मागेल त्याचे होते. माझे रंगमंचावरचे नाव इसोबेल फॅरो. ते मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी स्वयंपाकघरात बसून, बत्तीस नावे खोडून तयार केले होते. १९७० साली आई अंथरुणाला खिळली म्हणून मी काम थांबवून तिच्याकडे राहायला गेले. त्या वर्षीच्या वर्गणीचे पाकीट मी नवऱ्याच्या, लेनर्डच्या, हातात दिले. त्याने ते कोटाच्या खिशात घातले आणि तो थेट दारूच्या गुत्त्यावर गेला. स्मरणपत्रे लंडनच्या जुन्या पत्त्यावर जात राहिली. पाकीट तीन वर्षांनी कोटाच्या अस्तरात सापडले, तिकीट लावलेले. लेनर्ड मरायला टेकला तेव्हाही मी त्याला विचारले, "टपालपेटी कोपऱ्यावरच होती ना रे?"

तो म्हणाला, "पाऊस होता, एडी."

कलम तीन. माझ्या नावाविषयी. १९७२ साली आई गेल्यावर मी संघटनेच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईने रजिस्टर चाळले.

"इसोबेल फॅरो या नावाची नटी आहे आमच्याकडे," ती म्हणाली.

"हो. ती मीच."

"छे, छे. त्या सध्या ब्रिस्टलला आहेत. आज संध्याकाळीच प्रयोग आहे त्यांचा."

ती बाई म्हणजे पॉलीन गॉस्लिंग. 'मीठ' या नाटकात ती माझी बदली नटी होती. बदली नटी म्हणजे जिला तुमची सगळी भूमिका पाठ असते आणि जी रोज विंगेत बसून तुम्हाला ताप येण्याची वाट बघते. मी तीनशे अकरा प्रयोग केले आणि एकही चुकवला नाही. फ्लूमध्ये केला, बरगडी मोडलेली असताना केला. पॉलीनला मी एकदाही पुढे येऊ दिले नाही, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो. मी त्याच दिवशी ब्रिस्टलची गाडी पकडली आणि तिच्या मेकअपच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

"नाव मोकळं होतं, एडना," ती भुवया रंगवत म्हणाली. "मी विचारलं, ते म्हणाले मोकळं आहे."

"मोकळं? माझं नाव आहे ते! तुला लाज कशी वाटली नाही?"

"तू परत येशील असं कुणालाच वाटत नव्हतं गं."

मी तिची पावडरची डबी भिंतीवर फेकली. त्याचा मला पश्चात्ताप नाही. फक्त नेम चुकला.

पुढे इसोबेल फॅरो दूरदर्शनच्या मालिकेत सतरा वर्षे इस्पितळाची मेट्रन होती. अख्खा देश रविवारी जेवण उरकून तिच्यासमोर बसायचा. एडना क्लफ या नावाने मी घरमालकिणी केल्या, तीनदा प्रेत केले, त्यात एकदा पाण्याखाली, आणि नाताळच्या नाटकात चार हंगाम, दोघांनी मिळून घालायच्या गाईच्या सोंगात, मागचे पाय केले. बाजारात बायका मला म्हणायच्या, "तुम्ही अगदी इसोबेल फॅरोसारख्या बोलता हो!" त्या बायकांना मी काय उत्तर द्यायचे ते ग्वेन्डाला विचारावे.

कलम चार. माझ्या कामाचा पुरावा म्हणून काहीही मागे राहत नाही, याची नोंद घ्यावी. 'मीठ' १९६७ साली दूरदर्शनवर दाखवले गेले, एकदाच. फीत महाग म्हणून वाहिनीने नंतर ती पुसली आणि तिच्यावर घोड्यांच्या शर्यती भरल्या. एक फोटो आहे. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

कलम पाच. पॉलीन दोन वर्षांपूर्वी या घरात आली. जागा रिकामी होती ती नेमकी खोली नऊ. तिची स्मृती गेली आहे. मुलगा तिला ओळखू येत नाही, मी तर नाहीच. इथे सगळे तिला इसोबेलबाई म्हणायचे, दारावरची पाटीही त्याच नावाची. रोज चार वाजता चहा आला की ती 'मीठ'मधले दुसऱ्या अंकातले भाषण सुरू करायची आणि मी रेडिओ मोठा करायचे. मार्चच्या मृत्युपत्रासोबत मी एक पत्र ठेवले होते: मी मेल्यावर ते तीन वर्तमानपत्रांना पाठवावे, आणि खरी इसोबेल फॅरो कोण ते जगाला कळावे.

एप्रिलमध्ये मारिसेल नावाची नवी परिचारिका आली. मी तिला गाठून सांगितले, "नऊमधल्या बाईचं नाव पॉलीन आहे. कागद बघ हवं तर. पॉलीनच म्हणायचं."

मारिसेलने कागद पाहिले आणि तसे म्हणायला लागली. पॉलीन गप्प झाली. बोलेना, जेवेना, हाकेला मान वळवेना. मला बरे वाटले. खोटे कशाला लिहू? अकरा दिवस मला फार बरे वाटले.

बाराव्या दिवशी मारिसेल रडवेली होऊन माझ्याकडे आली. "एडनाबाई, त्या अशाच जातील हो. मी जुनंच नाव घेते, मला माफ करा." तिने नऊच्या दारातून हाक मारली, "इसोबेलबाई, चहा आणलाय." आतून कपाचा आवाज आला. मग ते भाषण सुरू झाले. त्या दिवशी माझा रेडिओ बंद होता.

त्या भाषणात बुडालेल्या कोळ्याची बायको त्याच्या शर्टांच्या घड्या करत असते. "हा रविवारचा. हा गोदीवरचा. हा भांडणाच्या दिवशीचा, बटण मीच तोडलं होतं. हा माझ्या भावाचा, चुकून आला. आणि हा... हा मी धुतलाच नाही." यानंतर पॉलीन हसली. नाटकाच्या वहीत तिथे हसू नाही. पहिल्या प्रयोगाला माझ्या पोलक्याचे बटण उडून पहिल्या रांगेतल्या एका टकलावर बसले, मला हसू फुटले, ते आवरता आवरता रडू झाले, आणि थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पुढचे तीनशे दहा प्रयोग मी ते तसेच ठेवले. पॉलीनने ते मधल्या अडखळण्यासकट, नाक ओढण्यासकट केले. विंगेत बसून तिने माझा श्वासन् श्वास उचलला होता. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला धरून उभी राहिले आणि ब्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा माझे काम ऐकले. चांगले होते. फारच चांगले होते.

माझे काम जगात एकाच ठिकाणी शिल्लक आहे, आणि ते ठिकाण ती चोरटी बाई आहे.

कलम सहा. म्हणून. तिचा मुलगा तिला कार्डिफला स्वस्त जागेत हलवू पाहतो. तिथे कागद बघून तिला पॉलीन म्हणतील. तसे होता कामा नये. माझी सगळी बचत ती जिवंत असेपर्यंत खोली नऊसाठी वापरावी. दारावरची पाटी तशीच ठेवावी. वर्तमानपत्रांचे पत्र मी आज सकाळी चुलीत घातले. ती गेल्यावर पेपरात तिच्या नावावर माझे 'मीठ' छापले, तरी कुणी दुरुस्ती पाठवू नये. पाठवणारा माझा कोणी नव्हे.

ही माफी नाही. वकिलांनी तसा शब्द मसुद्यात घातला होता, तो मी खोडला आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.

कलम सात. माझे दफन सकाळी उरकावे. चार वाजता तिचा प्रयोग असतो, आणि त्या वेळी कुणीतरी नऊच्या दारात खुर्ची टाकून बसले पाहिजे. टाळ्या वाजवायला हरकत नाही. तिला वाटू दे तिच्याच आहेत म्हणून.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला पटला, आणि दोघांच्या देखत मी सही केली.

एडना क्लफ

साक्षीदार:
१. मारिसेल अबुएग, परिचारिका.
२. बार्नबी स्टॉट, निवृत्त जादूगार, खोली चार. (शाई साधी आहे, अक्षरे नाहीशी होणार नाहीत, असे त्यांनी शपथेवर सांगितले.)

स्थळ: स्कारबरो
दिनांक: ६ नोव्हेंबर २०१८, दुपारी साडेतीन. घाईत, कारण चार वाजत आले आहेत.