यंदाचं पीक

मुकुंदवाडी,
५ नोव्हेंबर १९७२

चिरंजीव योहान यास आजी साळूबाईचा सलाम आणि आशीर्वाद. वि. वि.

सांगते मी, लिहिते शेजारची कमरुन्निसा. अक्षर तिचं, बोल माझे. भांडायचं तर माझ्याशी भांड.

तुझं पत्र तिनं दोनदा वाचलं. कापणीचा सण आला अन् कापायला काडी नाय, म्हणून तू बिडकीनच्या येशूच्या देवळाला कुलूप घालून, पाळकाचं काम सोडून गोदामात कारकून व्हायला निघालास. देव ऐकत नाय, म्हणतोस. बाळा, तुझा आजाही माझं कधी ऐकत नव्हता, पण घरातच असायचा. पोलीस ॲक्शनच्या साली मंडळी पांगली, तर तोही पाळकच, देवळात माझ्या एकटीपुढं उपदेश करायचा. मी डुलक्या घ्यायचे. तरी कुलूप घातलं नाय त्यानं.

सणाला ज्यानं त्यानं मेहनतीचं पहिलं फळ वेदीपुढं ठेवायचं, मग त्याचा लिलाव, ही आपली रीत. तूच लिहितोस, सगळी मंडळी दुष्काळी कामावर खडी फोडते. मग यंदाचं पीक खडीच की. आणायला सांग. कुलूप काय, नंतरही लागतं.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर इथं ठेवायला जागा नाय.

तुझी आजी


बिडकीन,
२० नोव्हेंबर १९७२

तीर्थस्वरूप आजीस योहानचा सलाम. वि. वि.

तुझं ऐकलं. बायका पाट्या भरभरून खडी घेऊन आल्या. वेदीपुढं ढीग लागला, वर कुणीतरी झेंडूचं फूल खोचलं. या पिकाबद्दल आभार मानताना मी ढिगाकडंच बघत राहिलो. खडी फोडणाऱ्या बायकांतल्या चतुराबाई मागून खोकल्या, तेव्हा पुढं गेलो.

तेवढ्यात कामावरचे मुकादम बन्सीभाऊ उन्हाची छत्री धरून दारात. सरकारी खडी चोरीला गेली म्हणाले. आजी, हे तुला सुचलं नव्हतं आणि मलाही नाही. चतुराबाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, वेदीपुढं ठेवलं ते देवाचं झालं. परत हवं तर बोली लावा, रीत सगळ्यांना एकच. मुकादम बसले. टोपी काढून बसले. पैसे कुणाकडेच नव्हते. चतुराबाईंनी देऊळ सारवून द्यायची बोली लावली. मुकादमांनी हातातली छत्रीच बोलीला लावली. त्याच्या वर कोणी गेलं नाही.

मग सरकारी खडी गाणी म्हणत कामावर परत गेली. एक पाटी मुकादमांच्या डोक्यावर होती. मी हसलो, कित्येक महिन्यांनी. हसताहसताच प्रार्थना कधी सुरू झाली, कळलं नाही.

पण गोदामवाल्यांना पुढल्या सोमवारी उत्तर द्यायचंय. देवळात एक छत्री आहे, आभाळात ढग नाही. काय करू?

तुझाच,
योहान


मुकुंदवाडी,
२३ नोव्हेंबर १९७२

चिरंजीव योहान यास सलाम आणि आशीर्वाद. वि. वि.

वरचा शाईचा डाग कमरुन्निसाच्या हसण्याचा आहे, तो वाचू नकोस.

पाऊस येईल का, ते मला ठाऊक नाय. तुझ्या आज्यालाही नव्हतं. पण छत्री आता देवाची, अन् तिला सांभाळणारा तू. उद्या आभाळ फाटलं, देवळाला कुलूप, तू गोदामात, तर ती उघडायची कुणी? देवानं?

मुकादमाला माझा सलाम सांग. उन्हात लई उभं राहू नका म्हणावं.

लोभ असू दे, अन् पत्रं धाडत जा. कमरुन्निसाची करमणूक होते.

तुझी आजी

ता. क. कमरुन्निसा विचारते, छत्रीही सरकारी निघाली तर? निघू दे. परत हवी तर पुढल्या कापणीच्या सणाला बोली लावा म्हणावं. तोवर तुला तिथं राहावंच लागंल.