गोणीच्या काट्यावरचा आकडा

॥ श्री ॥

मांडवी, रत्नागिरी
१४ जुलै १९८६

चि. सौ. कमळा हिला मथुराचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल. ह्यांची बोट कोचीनला लागली आहे, घरी यायला दिवाळी उजाडेल. तुळसा चौथीत गेली ती नेमकी माझ्याच वर्गात. मला बाई म्हणायचं की आई, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही, त्यामुळे ती मला काहीच म्हणत नाही.

वजनाचं विचारलंस. नोव्हेंबरात पोट लहान करायच्या ऑपरेशनला तुमच्याकडे आले तेव्हा मी एकशे एकवीस किलो होते. तुझ्या पलंगाच्या फळ्या ते विसरल्या नसतील! आता सत्त्याऐंशी. तुला ठाऊकच आहे, माझं वजन पेलेल असा काटा इथे एकच, आमच्या गंगारामभावजींच्या रेशन दुकानातला गोण्या तोलायचा. दुपारी दुकानाच्या फळ्या लावल्या की भावजी मला मागच्या दाराने आत घेतात आणि आकडा पंचांगाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवतात. डॉक्टरांनी पंच्याऐंशीच्या खाली जायला सांगितलं आहे. बाबा बेचाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले, दादा एक्केचाळिसाव्या. मी या महिन्यात चाळीस वर्षं पुरी केली. तुझा नवरा आमच्यात एकटाच काटकुळा, तेवढी देवाची कृपा.

जेवण चार घास. सासूबाईंनी यंदा रातांब्याच्या सहा बरण्या साखरेत घालून उन्हात मुरवल्या. तू सांगून ठेवलंस तसं ते कोकम सरबतच दिवसभर घेत असते. तेवढं एक पोटात सुखाने राहतं.

आत्मारामला आशीर्वाद. लोभ माझ्या वजनासारखा उतरू देऊ नकोस.

तुझी
मथुरा

॥ श्री ॥

परळ, मुंबई
२६ जुलै १९८६

ती. सौ. वन्संना कमळाचा सा. न.

वि. वि. सत्त्याऐंशी वाचून मी चाळीत पेढे वाटले. तुम्हाला चालत नाहीत म्हणून तुमच्या वाटणीचा मीच खाल्ला. हे म्हणाले की ताईचं वजन घरातल्या घरातच राहतं आहे, इकडून तिकडे जातं आहे इतकंच.

आता एक मोठी बातमी. माझी थोरली बहीण सखू तुम्ही पाहिलीत, जिना चढताना तीनदा बसते ती. डॉक्टर दोन वर्षं तिला हेच ऑपरेशन करून घे म्हणून सांगताहेत आणि ती भीतीने नाही म्हणत होती. मी तुमची पत्रं तिला वाचून दाखवते. तिने तुमचे आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवले आहेत, अठ्ठ्याण्णव, ब्याण्णव, नव्वद, सत्त्याऐंशी. परवा स्वतःहून म्हणाली की वन्संना जमतं तर मलाही जमेल, घे डॉक्टरांची वेळ. वन्सं, तिच्या दोन लहान मुली आहेत. तुमचे उपकार फेडता येणार नाहीत.

सरबत घेता ते बरं. जपून राहावे. आम्हा लहानांवर माया असावी.

तुमची
कमळा

॥ श्री ॥

मांडवी, रत्नागिरी
४ ऑगस्ट १९८६

चि. सौ. कमळाला आशीर्वाद.

वि. वि. शाळेत तपासणी आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. सखूने माझ्या पत्रांवर कशाला जावं? जिची तिची प्रकृती. माझी पत्रं तिला वाचून दाखवू नकोस, त्यात माझ्या घरच्या चार गोष्टी असतात. डॉक्टर सांगतील तसं करावं.

तू विचारशील म्हणून लिहिते, पंच्याऐंशी.

पाऊस फार आहे. फिरणं होत नाही. माया आहेच.

मथुरा

॥ श्री ॥

परळ, मुंबई
२० ऑगस्ट १९८६

ती. सौ. वन्संना सा. न.

वि. वि. काल नारळी पौर्णिमा झाली. तुमच्या आठवणीने नारळीभात केला. तुमचं मागचं पत्र इतकं तुटक होतं की माझं काही चुकलं का, असं सारखं वाटतं. घरच्या गोष्टी मी सखूला वाचत नव्हते हो, फक्त आकडे सांगत होते. तरी चुकलं असेल तर पदरात घ्या.

पंच्याऐंशी मात्र सांगितलं. ते न सांगून कसं चालेल? सखूने ते लाल पेन्सिलीने लिहिलं. तिची तारीख ठरली, ६ ऑक्टोबर. आता पुन्हा तिची झोप उडाली आहे. ती म्हणते की वन्संचं वजन कसं पायरी पायरीने उतरलं, एकदासुद्धा अडलं नाही, माझ्या अंगात एवढा निग्रह कुठला? मी तिला म्हटलं की वन्संना विचारून घेऊ. तर तिच्यासाठी दोन ओळी लिहा, एवढी भीक घाला.

तुमची
कमळा

॥ श्री ॥

मांडवी, रत्नागिरी
२७ ऑगस्ट १९८६

चि. सौ. कमळाला आशीर्वाद.

हे पत्र आधी एकटीने वाच.

माझं वजन ब्याण्णव आहे. मे महिन्याच्या शेवटी ब्याण्णव होतं, जूनमध्ये ब्याण्णव, जुलैत ब्याण्णव. ऑगस्टात काट्यावर गेलेच नव्हते. काल भर पावसात जाऊन आले. ब्याण्णव. तुला लिहिलेले नव्वद, सत्त्याऐंशी, पंच्याऐंशी हे तिन्ही आकडे मी घरी बसून बनवले.

जूनमध्ये पहिल्यांदा खोटं लिहिलं तेव्हा वाटलं होतं की पुढच्या महिन्यात दोन किलो जास्त उतरवू आणि खोट्याचं खरं करून टाकू. ते उतरले नाहीत. मग तुझं पेढ्यांचं पत्र आलं. तू महिनाभर माझी उलटी उचललीस, आत्मारामने रजा काढली ती माझ्या उशाशी बसून घालवली, आणि मी तुम्हाला काय लिहिणार होते, की तुमचं सगळं वाया गेलं? गंगारामभावजींनी धीर दिला. म्हणाले की वैनी, पावसात तांदळाची गोण पन ओल धरून बसता, पावस सरू दे. मला तो आधार पुरला नाही. मांडवीच्या बंदरापर्यंत रोज चालत जायची ते जुलैपासून सोडलं. दुकान नजरेस पडू नये म्हणून शाळेला लांबच्या वाटेने जाऊ लागले. बाबा-दादांच्या वाटेनेच जायचं नशिबात असेल तर चालून तरी काय होणार, असं म्हणून गप्प पडून राहिले.

मागचं पत्र टाकायला तुळसाला दिलं. तिने त्यातला आकडा वाचला आणि विचारलं की तू तर काट्यावर गेलीच नाहीस, मग हा कुठून आणलास? मी तिला अभ्यासाला बस म्हणून ओरडले. तीस मुलांना पाढे शिकवते मी. तेव्हापासून ती माझ्याकडे बघते आणि मला खाली बघावं लागतं.

आता सखूची तारीख ठरल्यावर मात्र गप्प बसवेना. ती बिचारी खोट्या जिन्यावरून चढते आहे. तिला सगळं सांग. तिने नाही म्हटलं तर ते माझ्या माथी, आणि हो म्हटलं तर खरं ऐकून म्हणू दे.

कमळा, तुझ्या गळ्याची शपथ, मी चोरून खात नाही. तेच चार घास भात-आमटी, माशाचा एखादा तुकडा. तू डॉक्टरांना विचारून सांगितलेलं सरबत तेवढं पिते, दिवसाला सात-आठ पेले. अजून काय सोडू, ते मला कळत नाही.

लोभ मागायला तोंड राहिलं नाही.

मथुरा

॥ श्री ॥

परळ, मुंबई
५ सप्टेंबर १९८६

ती. सौ. वन्संना शि. सा. न.

वन्सं, पत्र वाचून मी मोरीत जाऊन रडले. तुमच्या खोट्यासाठी नाही. शेवटून चौथी ओळ वाचून.

डॉक्टरांनी सरबत सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.

तुम्हाला घरी आणलं त्याच्या तिसऱ्या दिवसाचं तुम्हाला आठवत असेल. पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात की कशाला केलं ग हे माझं. मला ते बघवेना. तुमच्या सासूबाईंनी, गोदूबाईंनी, तुमच्याबरोबर दिलेली कोकमाची बाटली कपाटात होती. मी त्यातलं दोन चमचे पाण्यात घालून पाजलं, आणि ते राहिलं. तुम्ही ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसलात. मग रोज देत गेले. हॉस्पिटलातून दोन कागद मिळाले होते. ह्यांनी पहिला वाचला. दुसऱ्यावर गोड पेयांना मनाई लिहिलेली होती. नर्सबाईंनी मला ते मराठीत दोनदा समजावलं होतं, की पोट लहान झाल्यावर घास अडतो पण साखरेचं पाणी सरळ खाली जातं आणि वजन तिथेच धरून ठेवतं. हे ओरडतील म्हणून तो कागद मी डब्याखाली घातला आणि तुम्हाला सांगितलं की डॉक्टरांना विचारलंय. बाटली संपली की विषय संपेल असं वाटलं. तुमच्याकडे मे महिन्यात सहा बरण्या भरतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जुलैच्या पत्रात तुम्ही बरण्यांचं लिहिलंत, तेव्हाही मी वर ‘बरं’ म्हणून मोकळी झाले. तीन महिने तुम्ही स्वतःला दोष देत बसलात आणि ते सगळं माझं होतं.

कागद सोबत पाठवते. डब्याचा गोल डाग पडला आहे, वाचता येतो. ह्यांना आज सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचून माझ्या हातात परत दिला, ओरडले असते तर बरं झालं असतं. सखूला अजून सांगितलं नाही. उद्या सांगेन.

तुम्ही मोठ्या आहात. टाकू नका.

तुमची
कमळा

(पोस्टकार्ड)

मांडवी, रत्नागिरी
२० सप्टेंबर १९८६

चि. सौ. कमळाला आशीर्वाद. मुद्दाम उघडं कार्ड टाकते आहे, पोस्टमनने वाचलं तर वाचू दे. कागद मिळाल्यापासून सरबत बंद. सासूबाईंना सांगायला धीर होईना, तीन महिन्यांची रेशनची साखर त्यांनी त्या बरण्यांत घातली होती. सांगितलं. बरण्यांची झाकणं एकेक करून घट्ट करत राहिल्या. मग म्हणाल्या की तुज्या पोटात काय तरी जाता ह्याचाच मला सुख व्हता. उरलेल्या बरण्या गणपतीत आल्यागेल्याला वाटल्या. मला आता कोकमाचं बिनसाखरेचं आगळ नि मीठ. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, आता चालतं. बंदरापर्यंत पुन्हा चालते, तुळसा बरोबर येते.

आज रेशनला साखर आली, रांग रस्त्यापर्यंत. म्हणून आजच गेले, पुढच्या दाराने. भावजी आकडा पुटपुटायला लागले. मी म्हटलं की मोठ्याने वाचा. साडेनव्वद. मागून कोणीतरी हसलं. रांगेतले रावजी तात्या मात्र घाबरत विचारायला आले की त्यांच्या मंडळींना उद्या आणलं तर भावजी तोलतील का. तुझ्यावर राग नाही. पहिल्या घोटाला मी हसले होते ते खरं होतं. सखूचं कळव. मथुरा.

॥ श्री ॥

परळ, मुंबई
२७ सप्टेंबर १९८६

ती. सौ. वन्संना सा. न.

वि. वि. तुमचं कार्ड माझ्या हाती यायच्या आधी चाळीतल्या तीन घरांत वाचून झालं होतं. साडेनव्वदला या वेळी पेढे नाहीत, भाजलेले शेंगदाणे वाटले.

सखूला दोघींचं खोटं उघड करून सांगितलं, तुमचंही आणि माझंही. ती उठून घरी गेली आणि दोन दिवस फिरकली नाही. मी डॉक्टरांची तारीख रद्द करायला निघाले होते. तिसऱ्या दिवशी ती आली, कॅलेंडरवरचे तीन आकडे तिने खोडरबराने पुसले, कागद जरा फाटला, आणि तिथे ब्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव असं लिहून पुढे साडेनव्वद लिहिलं. म्हणाली की आधीच्या वन्संची मला भीती वाटत होती, ह्या वन्संसारखं मला जमेल. ६ तारखेला जाणार आहे. पण एक अट घातली आहे तिने. उशाशी मी नको, तुम्ही हव्यात. मी पुन्हा काहीतरी गोड पाजीन म्हणते. तिचं चुकत नाही.

शाळा आहे, तुळसा आहे, म्हणून कसं म्हणू कळत नाही. पण याल का?

तुमची
कमळा

॥ श्री ॥

मांडवी, रत्नागिरी
१ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. कमळाला आशीर्वाद.

हेडमास्तरांकडून आठ दिवसांची रजा घेतली. ४ तारखेच्या सकाळच्या एस.टी.ने निघते. तुळसा आजीजवळ राहील. आज वर्गात रजेचं सांगितलं तेव्हा तिने मला सगळ्यांसमोर पहिल्यांदा आई म्हटलं, सगळी मुलं हसली.

वजन तिथे हॉस्पिटलच्या काट्यावर करू. आकडा तू वाच, मी काट्याकडे बघणार नाही. इथून जास्त भरला तरी तोच लिहायचा.

येताना आगळाची बाटली आणते आहे, नुसतं कोकम आणि मीठ. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सखूला थेंब द्यायचा नाही, आणि विचारायला आपण दोघी मिळून जायचं. तोवर बाटली तुझ्याच कपाटात राहू दे. मला भरवसा आहे.

पलंगाच्या फळ्यांना सांग, तीस किलो कमी घेऊन येते आहे. तुझ्यावरचा लोभ तेवढा होता तितकाच आहे.

तुझी
मथुरा