एकशेदहा-सत्तर

४ मार्च, सोमवार

लागली एकदाची नोकरी! सरकारी प्रसूती दवाखान्यात, पहिल्या तपासणीच्या खोलीत. पोपटी भिंती, दोन खुर्च्या, दाराबाहेर लांबलचक बाक. ताई म्हणाली, भटकभवानी, आता तरी सहा महिने एका जागी टिक. तिला तिसरा महिना लागलाय, म्हणून तर मी या गावात आले. याआधी थिएटरात तिकिटं फाडली, गाड्या धुतल्या, एका माणसाची कबुतरं सांभाळली. कबुतरांचं नंतर लिहीन, ते मोठं प्रकरण आहे.

काम सोपं. बाईच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, आधी डावा, मग उजवा, आणि मशीनवरचा आकडा वहीत उतरवायचा. मोठ्या नर्सबाईंनी समजावलं की बाराव्या आठवड्याच्या सुमारास दाब, लघवी, रक्त पाहिलं की पुढे कुणाचा दाब चढेल, कुणाला झटके येतील, हे बऱ्यापैकी हेरता येतं. मग एक छोटी गोळी वेळेत सुरू करतात. 'वेळेत' हे त्या दोनदा म्हणाल्या. डॉक्टरीणबाई पलीकडच्या खोलीत बसतात आणि वहीतले आकडे बघून गोळी कुणाला ते ठरवतात.

सत्तावीस बायका झाल्या. त्यात जांभळ्या चपलांची एक शिंपीण, फार हसवते. म्हणाली, पट्टा जरा सैल सोड गं, मी काही पळून जात नाही. तिचा आकडा १५२/९८.

५ मार्च, मंगळवार

वही उघडली आणि बघतच राहिले. कालच्या सत्तावीस जणींपुढे सत्तावीस वेळा ११०/७०. शिंपिणीपुढेसुद्धा. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी हेच वाचलं आणि तिला गोळीविना घरी धाडलं. अक्षर माझं नाही. माझं शून्य बटाट्यासारखं असतं, या शून्यांना शेपूट आहे.

नर्सबाईंना दाखवलं, तर त्यांनी आधी दार लोटलं. मग सांगितलं की माझ्या आधीची मदतनीस सकाळी आल्या आल्या अख्खा रकाना ११०/७० नं भरून टाकायची. रांग भराभर सरते म्हणून. पट्टा नुसता बांधल्यासारखा करायचा. अकरा वर्षं हेच. मग तिची सख्खी सून त्याच बाकावर बसली, तिच्यापुढेही तोच आकडा. सातव्या महिन्यात झटके आले. सून गेली, बाळ गेलं, पाठोपाठ मदतनीसही गेली. रकाना मात्र अजून भरतोय. माझ्या आधीच्या दोन मुली आठवड्यात पळाल्या म्हणे. नर्सबाई म्हणाल्या, तू गपचूप लिहीत जा बाई, नसत्या भानगडीत पडू नकोस.

पळण्यात मी पटाईत आहे. पण त्या जांभळ्या चपला काही डोळ्यांसमोरून हलेनात.

७ मार्च, गुरुवार

लाल शाईनं लिहिलं. बदललं. बायकांच्या कार्डांवर लिहिलं, तिथंही शेपटीची शून्यं. भिंतीवर खडूनं लिहिलं, तर भर दुपारी माझ्या डोळ्यांदेखत खडू सरकला. समोरची खुर्ची रिकामी. तिच्यावर पडलेला पट्टा मात्र फुगत होता, जणू आत दंड आहे.

तरी उद्या जाणार. बघूच कोण आधी थकतं.

११ मार्च, सोमवार

आज ताई आली. तिसऱ्यांदा मोजलं तरी १४६/९४. लिहिताना माझ्या हातावर गार हात आला, ओलसर. आणि वहीत ११०/७०. डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, छान आहे, या आता.

छान? माझी ताई आहे ती.

मग सुचलं. मी शाळेत धड टिकले नाही, पण पाढे घोकून घोकून पाठ झाले ते अजून कुणी पुसू शकलेलं नाही. बाकावर जाऊन प्रत्येकीला तिचा आकडा म्हणायला लावला. मोठ्यानं, दहा दहा वेळा. शिंपिणीला निरोप धाडून बोलावली. ती म्हणाली, अगं, दाब आहे की लग्नाचा उखाणा? आणि सगळ्यात जोरात ओरडली. सगळ्याजणी डॉक्टरीणबाईंच्या दारात. शेवटी नर्सबाईही आत शिरल्या, म्हणाल्या, वही खोटी आहे, अकरा वर्षं मला माहीत आहे, तुम्ही स्वतः मोजा.

त्यांनी मोजलं. ताईला गोळी मिळाली. शिंपिणीलाही. वेळेत.

१२ मार्च

पट्टा रात्रभर कपाटात होता. सकाळी माझ्या खुर्चीवर.

तोंडी आकडे चालू. डॉक्टरीणबाई आता आधी ऐकतात, मग बघतात.

१४ मार्च

दंडावर वळ. मी पट्टा बांधलेला नाही—

तिला माझा राग आहे. असू दे. सुनेसाठी कधी राग आला नाही तो!

१८ मार्च, सोमवार

माझ्या या रोजनिशीतही आली. मागची पानं अजून शाबूत आहेत, पण आज— ताईचा आकडा ११०/७०—

हे मी लिहिलं नाही. परत लिहिते. ११०—

नाही. शेपूट. माझ्याच पेनातून—

बरं. लिही हवं ते. कागद तुझा. ताईला पाठ आहे, शिंपिणीला पाठ आहे, बाहेर अख्खा बाक म्हणतोय, ऐकतेस ना? त्यांच्या तोंडात कशी शिरशील?

मशीन बंद आहे. पट्टा आवळतोय. बोटं बधिर—

आवळ. मी पळणार नाही. अक्षरात लिहिते, शून्यच नको, शेपूट लावशील कुठं? एकशे सेहेचाळीस, चौऱ्याण्णव. एकशे सेहेचाळीस, चौऱ्याण्णव. एकशे सेहे